बाबांचं चार्जिंग स्टेशन

गेले कित्येक शनिवार नुसते झोपण्यात गेले, म्हणून आज ठरवून लिहायला बसलेय. विषय जरा रुक्ष आहे. सरकारी सबसिडी, ट्रान्सफॉर्मर, किलोवॅट वगैरे. पण त्यात माझे बाबा आहेत आणि त्यांचे निवृत्तीचे पैसे आहेत, त्यामुळे मला तरी तो रुक्ष वाटत नाही. तुम्हाला वाटलाच तर मधला हिशोब गाळून पुढे जा.

तर झालं असं. २०२५ च्या दिवाळीला मी आणि माझी एक मैत्रीण पुण्याहून यवतमाळला तिच्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून निघालो. तिला पुढे नागपूरला जायचं होतं, मला घरी. जालन्यापर्यंत काही विशेष नाही. तिथे जेवलो, जेवताना गाडीही जेवली. मग समृद्धी महामार्ग. हा रस्ता नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून जातो, आणि त्या दहांत यवतमाळ नाही. शेजारच्या वाशीम, अमरावती, वर्ध्यातून तो आमच्या कडेकडेनं निघून जातो. त्यामुळे आम्हा यवतमाळकरांना कारंजाला उतरून दारव्ह्यामार्गे घर गाठावं लागतं.

कारंजाला उतरलो तेव्हा बॅटरी जेमतेम एकतृतीयांश उरली होती आणि पुढे पाऊणशे-ऐंशी किलोमीटर होते. मैत्रिणीनं एसी बंद केला. मग गाणी बंद केली. (गाण्यांना किती वीज लागते हो? पण त्या वेळी तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.) दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सूर्य मावळतीला, असा सुंदर रस्ता आणि आम्ही दोघी मात्र त्या टक्क्यांच्या आकड्याकडे टक लावून बसलेलो. नऊ टक्क्यांवर घरी पोचलो. बाबा गेटवरच उभे होते. पहिला प्रश्न : "किती युनिट खाल्ले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चार्जर शोधायला निघालो. फोनवरच्या नकाशात गावात आणि आसपास हिरव्या खुणा दिसत होत्या. पहिल्या खुणेवर गेलो तर यंत्र होतं, पण स्क्रीन काळा. त्यावर धूळ इतकी की कोणीतरी बोटानं स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, हे उद्‌घाटनाच्या दिवशी चाललं होतं. मंग काई चालू झालंच नाही." दुसऱ्या ठिकाणी यंत्र जिवंत होतं, वीज होती, गाडीत नळीसुद्धा नीट बसली. पण चार्जिंग सुरू करायला ॲप लागतं, ॲपला ओटीपी लागतो, आणि ओटीपी काही आला नाही. अर्धा तास आम्ही फोन आकाशाकडे धरून उभ्या. जत्रेत देवाला नारळ दाखवतात तशा.

मी दिवसभर ज्या प्रकारचं काम करते त्यात याला एक साधं नाव आहे. साखळीतली एक कडी मेली की सगळी साखळी मेली. गाडी, नळी, यंत्र, यंत्रातलं सिमकार्ड, मोबाइलचा टॉवर, कुठल्यातरी दूरच्या शहरातला सर्व्हर, पैसे कापणारी बँक, आणि या सगळ्याच्या मुळाशी गावाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर. यातलं प्रत्येक १०० पैकी ९५ वेळा चालतं असं धरलं, तर आठही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता दोनतृतीयांशाच्या आसपास येते. म्हणजे तीन खेपांतली एक फुकट. ऑफिसात आमचा सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तर रात्री दोन वाजता फोन वाजतो. इथे तो काळा स्क्रीन किती महिने तसाच होता कोण जाणे, आणि कोणाचाही फोन वाजला नव्हता.

शेवटी गाडी घरीच लावली, साध्या पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटला. पंधरा तासांचा मामला. पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान. आईनं गीझर लावला आणि घर अंधारात! आई एवढंच म्हणाली, "आधी माणसांच्या आंघोळी होऊ द्या." गाडी काढून ठेवली.

हा सगळा तमाशा बाबा शांतपणे बघत होते. संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फाइलमध्ये एक गुळगुळीत रंगीत पत्रक, त्यावर हसणारं कुटुंब, पांढरी गाडी, आणि मोठ्या अक्षरांत '८० टक्के सरकारी सबसिडी'. सोबत २२ लाखांचं कोटेशन. आर्णी रोडवर आमचा एक छोटा प्लॉट आहे, आजोबांनी घेतलेला, आजवर त्यावर फक्त बाभळी उगवल्या. तिथे बाबांना चार्जिंग स्टेशन टाकायचं होतं.

"लायसनसुद्धा लागत नाही," बाबा म्हणाले. हे त्यांचं अगदी बरोबर होतं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, त्यामुळे कोणीही स्टेशन टाकू शकतो. "आणि २२ चे ८० टक्के सरकार देईल. आपल्याला साडेचार लाख. तेवढे तर आहेत. काहून, चूक आहे का यात?"

मी म्हटलं, बाबा, मला जरा वाचू द्या.

दिवाळीच्या उरलेल्या सुटीत मी सरकारी कागद वाचले. फराळाचं ताट बाजूला आणि पीडीएफ समोर. जे कळलं ते थोडक्यात सांगते. थोडक्यात जमलं तर.

केंद्राची पहिली मोठी योजना फेम-२, एप्रिल २०१९ पासून. दहा हजार कोटींची, त्यातले हजार कोटी चार्जिंगसाठी. त्यातून आधी मोठ्या शहरांना आणि ठरावीक महामार्गांना स्टेशनं मंजूर झाली. मग मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना त्यांच्या पेट्रोलपंपांवर ७,४३२ फास्ट चार्जर बसवायला ८०० कोटी मंजूर झाले. भागाकार करा, एका स्टेशनमागे पावणेअकरा लाख. ही योजना मार्च २०२४ ला संपली. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह, १०,९०० कोटींची, त्यातले २,००० कोटी चार्जिंगला. मोटारींसाठी २२,१०० चार्जर, बससाठी १,८००, आणि दुचाकी-तिचाकींसाठी ४८,४००. (हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

बाबांच्या पत्रकातले ८० टक्के हे या योजनेच्या सप्टेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांतून आले होते. पत्रक खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य अर्धं छापलं होतं. सूचनांत जागांचे प्रकार आहेत. सरकारी कार्यालयं, दवाखाने, शाळा-कॉलेजं अशा आवारांत चार्जर सगळ्यांना खुला ठेवला तर पूर्ण १०० टक्के. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, तेल कंपन्यांचे पंप, टोलनाके अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर-केबल वगैरे वरच्या कामाला ८० टक्के आणि चार्जरच्या यंत्राला ७० टक्के. आणि बाकी कुठेही, म्हणजे मॉल, बाजार, रस्त्याकडेची जागा, म्हणजेच आमच्या बाभळीचा प्लॉट, तर ८० टक्के फक्त ट्रान्सफॉर्मर-केबलच्या कामाला. यंत्राला शून्य. शिवाय ही टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या आधारभूत किमतीवर, कोटेशनवर नाही. आणि अर्जही बाबांसारख्या एकट्यादुकट्यानं करायचा नाही, तो राज्याच्या किंवा केंद्राच्या नेमलेल्या यंत्रणेमार्फत, एकत्र मागणी करून जायचा.

कोटेशनच्या २२ लाखांत १४ लाख यंत्राचे होते. राहिले आठ. त्याचे ८० टक्के म्हणजे सहा लाख चाळीस हजार, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे बाबांच्या खिशातून साडेचार नव्हे, साडेपंधरा लाखांच्या वर.

मी राज्याचंही धोरण बघितलं. जुलै २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत कुठे किती चार्जर हवेत याचं लक्ष्य होतं. मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५ (तेव्हा तेच नाव होतं), अमरावती ३०, सोलापूर २०. यादी संपली. मी दोनदा वर-खाली करून बघितलं. आमच्या सगळ्यात जवळचं नाव अमरावती, साधारण नव्वद किलोमीटरवर. फास्ट चार्जरला निम्मा खर्च, जास्तीत जास्त पाच लाख, आणि तो पहिल्या ५०० चार्जरनाच, असंही त्यात होतं. त्या धोरणाची मुदत मार्च २०२५ ला संपली. मग एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं नवं धोरण मंजूर केलं, ते २०३० पर्यंत, त्यात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असं उद्दिष्ट आहे. हे पंचवीस किलोमीटर मला ओळखीचे वाटले. केंद्राच्या डिसेंबर २०१८ च्या सूचनांतही तेच होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आमच्या जिल्ह्यातून नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा शंभराहून जास्त किलोमीटर जातो. शिवाय पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद. त्या हिशोबानं आपल्याकडे चार्जरांची रांग लागायला हवी.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. ज्यानं यादी केली त्यानं विचारलं असणार, गाड्या कुठे आहेत? जिथे गाड्या तिथे चार्जर. पीएम ई-ड्राइव्हच्या प्राधान्यक्रमातही दहा लाखांवरची शहरं, स्मार्ट सिटी, राजधान्या वर आहेत. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सत्तावीस लाखांवर आहे, पण ती सोळा तालुक्यांत पसरलेली. दहा लाखांची अट लावली की सत्तावीस लाख लोक गायब! आणि गाड्या नाहीत म्हणून चार्जर नाही, चार्जर नाही म्हणून गाड्या नाहीत. ऑफिसात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात आणि शेवटी कोणालातरी येऊन एक मारावी लागते.

असो. मी स्प्रेडशीट केली. शक्य तेवढी बाबांच्या बाजूनं. एका युनिटमागे सगळं जाऊन पाच रुपये सुटतात असं धरलं. एक गाडी सरासरी वीस युनिट घेते असं धरलं. खर्चात मंजूर भारावरचा मागणी आकार, जो गाडी आली काय न आली काय, दरमहा द्यायचाच असतो. एका मुलाचा पगार. देखभालीचा करार, इंटरनेट, ॲपवाल्यांचं भाडं. मिळून महिना वीस हजार, कसंबसं. तर नुसतं शून्यावर यायला रोज सात गाड्या. आणि साडेपंधरा लाख सात वर्षांत वसूल व्हायचे असतील तर रोज तेरा. रविवार, पोळा, मुसळधार पाऊस, लोडचा लोचा, सगळे दिवस धरून रोज तेरा.

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावला, प्रत्येक ओळ तपासली (एक चूक काढलीच, जीएसटी मी दोनदा धरला होता), आणि मग म्हणाले,

"हे तेरा तू कोठून आणले ते समजलं. पण येत किती आहेत ते तू मोजलं का?"

मोजलं नव्हतं. इंटरनेटवर असा आकडा कुठे असणार?

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळी आठला प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली आणि शाळेतली जुनी हजेरीची वही घेऊन प्लॉटवर जाऊन बसले. हिरवी नंबरप्लेट म्हणजे इलेक्ट्रिक, हे त्यांना माहीत होतं. खासगी असेल तर हिरव्यावर पांढरी अक्षरं, भाड्याची असेल तर पिवळी. दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाबा एखाद्या परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे बसले होते. मला म्हणाले, "हळू बोल, निसटते एखादी." रात्री आठपर्यंत बसले. दिवाळीनंतरचा परतीच्या गर्दीचा दिवस होता, म्हणजे वर्दळ नेहमीपेक्षा जास्तच.

मोटारी नऊ. आल्या-गेल्या मिळून नऊ, थांबलेल्या नव्हे. आणि त्यातल्या कोणाला आर्णी रोडवर चार्जिंगची गरज होती हे देव जाणे.

पण वहीचं डावं पान गच्च भरलं होतं. डाव्या पानावर दुचाकी आणि तिचाकी. चारचार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा जुड्याच जुड्या. स्कूटरवर शाळेत जाणाऱ्या बाया, सामान पोचवणारी पोरं, आणि ई-रिक्षा. बाबांना रिक्षा मोजता मोजता चेहरे पाठ झाले. "हा पायजे," ते मला दाखवत म्हणाले, "सकाळी दोनदा गेला, मग दुपारी दिसलाच नाही. म्हणून संध्याकाळी थांबवून विचारलं त्याला." विचारलं म्हणजे विचारलंच, शिक्षक माणूस. रिक्षावाल्यानं सांगितलं ते असं, की दुपारी एकदीडला बॅटरी बसते, मग घरी जाऊन चार तास लावून ठेवावी लागते. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. भाड्याची खोली, मालक मीटरवरून कटकट करतो. संध्याकाळची गर्दी हातून जाते.

मला कबूल करायला हवं की माझ्या स्प्रेडशीटमध्ये हा माणूस नव्हता. मी विचार करत होते पुण्याहून येणाऱ्या माझ्यासारखीचा, जिला वीस मिनिटांत चार्ज करून पुढे जायचंय. यवतमाळात इलेक्ट्रिक गाडी कधीच येऊन पोचली आहे. ती तीन चाकांची आहे आणि तिला १४ लाखांचं यंत्र नको आहे. तिला सावली, एक सुरक्षित सॉकेट आणि कटकट न करणारा मालक हवा आहे. ते ४८,४०० चार्जर आठवतात? तिथे हे बसायला हवं. पण आमच्याकडे सबसिडी म्हटलं की पत्रकावर पांढरी मोटारच येते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तो काळा स्क्रीन बघितल्यापासून छळतेय. हे सगळे पैसे यंत्र बसवायला आहेत. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ७० टक्के पहिल्या हप्त्यात, उरलेले ३० टक्के स्टेशन सुरू झाल्यावर. सुरू झाल्यावर! त्यापुढे ते रोज चालू राहण्यासाठी दरमहा कोण काय देणार? ज्या गावात रोज तीनच गाड्या येतात तिथे यंत्र दुरुस्त करण्याचा खर्च हा ते बंद ठेवण्याच्या नुकसानीपेक्षा जास्त असतो. मग कोणताही शहाणा मालक ते बंदच ठेवील. मीही ठेवीन. त्यात आळस नाही, साधा हिशोब आहे.

यावर बाबांनी मला एक उदाहरण दिलं, ते मी अजून घोळवतेय. एसटीडी-पीसीओ. मला त्या पिवळ्या पाट्या अंधुक आठवतात, बाबांच्या तर अख्ख्या तरुणपणावर त्या लागलेल्या आहेत. आमच्या चौकात एका अपंग गृहस्थांचा बूथ होता. रात्री अकराला दर कमी झाले की रांग लागायची. बाबा म्हणाले, "त्याचा फोन मी कधी बंद पाह्यला नाही. काहून? त्याला कॉलमागे कमिशन होतं. फोन बंद म्हणजे त्याची चूल बंद. आणि ग्रामपंचायतीतला फोन आठवते का? तो कायम डेड. तो कोणाचाच नव्हता ना."

मी शोधलं तर या गोष्टीचा पुढचा भागही निघाला. खेड्यांतले सार्वजनिक फोन परवडत नाहीत म्हणून सरकारनं दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून एक निधी उभा केला, सार्वत्रिक सेवा निधी. त्याचं धोरण १ एप्रिल २००२ पासून लागू झालं, पुढच्या वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्या निधीतून फोन बसवायलाच नव्हे, तर बसवलेला फोन चालवायला आणि राखायलाही पैसे दिले जात. म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याला सुचलेली आहे. चार्जरचा प्रत्येक मिनिट तसाही कुठल्यातरी सर्व्हरवर नोंदला जातो. महिन्याचे किती तास चालू होता ते बघा आणि गरीब जागी त्या तासांचे पैसे द्या. फोनच्या काळात तपासायला माणूस पाठवावा लागे, आता तर एक क्वेरी पुरे.

माझं ऐकायचंच झालं (कोण ऐकतंय म्हणा), तर फास्ट चार्जर आधी एसटी स्टँडवर टाकावेत. वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा, सगळीकडे आगार आहे. जागा सरकारी, रात्रभर दिवे, पहारेकरी, चहा, संडास (कसा का असेना). बसस्थानकाला यंत्रावरही ७० टक्के मिळतात. आणि उद्या एसटीची बस विजेवर आली तर यंत्राला रोजचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे, ते हवेवर अवलंबून नाही. एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ज्या मार्गावर १९४८ मध्ये त्याच तारखेला पहिली एसटी धावली होती. आमच्याकडे कधी येईल ते येईल. पण आली तर ती नऊ टक्क्यांवर गाणी बंद करून येणार नाही एवढं नक्की.

हे सगळं मी बाबांना सांगितलं, जरा जोरातच. शेवटी म्हटलं, बाबा, तुम्ही पैसे घालू नका. मोठ्या कंपन्यांना परवडत नाही तिथे तुम्ही काय करणार? पाच वर्षं थांबा.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बेटा, तुझं गणित बरोबर आहे. पण सगळ्यांचं गणित बरोबर आहे म्हणूनच इथे काही येत नाही ना. रेल्वेचं पाय. शकुंतला होती, छोटी गाडी, तीही गेली. वर्ध्याच्या लाइनची वाट पाहून पाहून माणसं म्हातारी झाली. सगळे म्हणतात पाच वर्षं थांबा. तू तर थांबली नाहीस, पुण्याला गेलीस. मी म्हणत नाही चूक केलं. पण इथे राहणाऱ्यानं नुसतं थांबायचं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी स्प्रेडशीट बंद केली आणि आईला चकल्या तळायला मदत करायला गेले. त्या तिनं दिवाळी संपल्यावर पुन्हा घातल्या होत्या, मला पुण्याला न्यायला.

पुण्याला परतल्यावर महिनाभर आम्ही हा विषय टाळला. फोनवर हवापाणी, कापसाचा भाव, आईचा गुडघा. मग एका रविवारी बाबांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पेन्सिलीनं काढलेला नकाशा. बाभळी तोडून पत्र्याची शेड, सहा रिक्षा तिरप्या लावता येतील अशी, प्रत्येकीला स्वतंत्र सॉकेट आणि छोटं मीटर. एका बाजूला रांजण आणि बाकडं. खाली हिशोब : शेड, वायरिंग, अर्थिंग, स्वतंत्र वीज जोडणी, सगळं मिळून कोटेशनच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. सबसिडीच्या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मिळाल्यास.' आणि समासात रिक्षावाल्यांची नावं, कोण किती वाजता येईल, एकापुढे तर 'उधार नाही' असं अधोरेखित.

मी आकडे तपासले. दोन ठिकाणी केबलची जाडी कमी वाटली, सहा रिक्षा एकदम लागल्या तर तापेल, म्हणून बदलायला सांगितली. आगीसाठी वाळूच्या बादल्या लिहिल्या नव्हत्या, त्या लिहायला लावल्या. बाबांनी 'ओके मॅडम' असं उत्तर पाठवलं. हे ते मला पहिल्यांदाच म्हणाले.

वीज जोडणीचा अर्ज केला आहे. काल आईचा फोन आला, लाइनमन खांबावरचा भार बघून गेला म्हणे. काय म्हणाला विचारलं तर आई म्हणाली, "म्हणून राहिला होता ट्रान्सफॉर्मर लहान आहे, पाहू. चहा पिऊन गेला." बाबा मागून ओरडले, "तिला सांग, बाभळी तोडल्या!"